अचूकता कुणाला हवी असते? इनर्शियल नेव्हिगेशनच्या ‘वाढत्या बाजारा’चे अहवाल कसे वाचावेत

‘इनर्शियल नेव्हिगेशन’ हे शब्द इंटरनेटवर शोधून बघा. पहिल्या पानावर भौतिकशास्त्र कमी आणि बाजार जास्त दिसेल. जागतिक बाजारपेठ अमुक अब्ज डॉलरची, दहा वर्षांत तमुक अब्जांची, दरवर्षी इतके टक्के वाढ. अहवाल कुणाचाही असो, साचा एकच. आधी मोठा आकडा, मग वाढीची कारणं, मग अडथळे, मग प्रदेशवार तक्ते आणि शेवटी आघाडीच्या कंपन्यांची यादी. पूर्ण अहवाल हवा असेल तर काही हजार डॉलर मोजायचे. फुकटचा सारांश मात्र सगळीकडे फिरतो. बातम्यांत, स्टार्टअपच्या सादरीकरणात आणि, हे आम्हा पीएचडीवाल्यांच्या जवळचं, संशोधन प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात.

आज या लेखनप्रकाराची समीक्षा करू या. हो, समीक्षाच, कादंबरीची करतो तशी. कारण या अहवालांनाही कथानक असतं, नायक असतो आणि सोयीस्करपणे गाळलेली पात्रंही असतात. सोबतीला एक जुनं पुस्तक घेणार आहे: एडिंबरा विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड मॅकेन्झी यांचं ‘इन्व्हेंटिंग अ‍ॅक्युरसी’. क्षेपणास्त्रांच्या मार्गदर्शन यंत्रणेचा हा सामाजिक इतिहास १९९० साली आला. बाजार-अहवालांत जे सापडत नाही ते बरंचसं या पुस्तकात आहे.

आधी यंत्र काय करतं ते

रात्रीच्या एसटीत बसलात, खिडकी बंद, बाहेर मिट्ट काळोख. तरी वळण आलं की अंग एका बाजूला झुकतं, ब्रेक लागला की पुढे जातं. प्रत्येक वळण आणि प्रत्येक धक्का नीट लक्षात ठेवलात, आणि निघालो कुठून हे माहीत असेल, तर गाडी आत्ता कुठे आहे हे न बघता सांगता येईल. इनर्शियल नेव्हिगेशन म्हणजे एवढंच. जायरोस्कोप वळण मोजतो, अ‍ॅक्सिलरोमीटर वेगातला बदल मोजतो. त्या बदलाची एकदा बेरीज केली की वेग मिळतो, वेगाची बेरीज केली की अंतर. बाहेरून काही ऐकायचं नाही, बाहेर काही पाठवायचं नाही. म्हणून ही यंत्रणा जॅम करता येत नाही. अहवालांतलं हे वाक्य खरं आहे.

अडचण बेरजेतच आहे. मापनात छोटीशी कायमची चूक असली तर तीही बेरजेत जाते, आणि दुसऱ्या बेरजेत वेळेच्या वर्गाच्या पटीने फुगते. आकडे घालून बघू. अ‍ॅक्सिलरोमीटर गुरुत्वीय त्वरणाच्या फक्त एक हजारांश इतका चुकतोय असं धरा. एका मिनिटानंतर स्थानातली चूक सुमारे १८ मीटर. दहा मिनिटांनंतर सुमारे पावणेदोन किलोमीटर.

जायरोची चूक तर वेळेच्या घनाने वाढते. कारण जायरो चुकला की ‘खाली’ कुठे हेच यंत्राला चुकीचं कळतं, आणि गुरुत्वाकर्षणाचा एक तुकडा ते आडवी हालचाल म्हणून मोजू लागतं. तासाला एक अंश सरकणारा जायरो एका मिनिटानंतर दोन मीटरपेक्षाही कमी चूक देतो. ऐकायला छानच. पण दहा मिनिटांनंतर तीच चूक १७०० मीटरच्या आसपास जाते. वेळ दहापट, चूक हजारपट.

वेळ न सांगता सांगितलेली अचूकता

आता अहवालांवरचा माझा पहिला आक्षेप. ‘उच्च अचूकतेच्या यंत्रणांना वाढती मागणी’ हे वाक्य तुम्हाला हमखास सापडेल. किती वेळासाठी अचूक, हे मात्र जवळपास कधीच सापडणार नाही. आणि वेळ सांगितल्याशिवाय या यंत्राची अचूकता सांगणं म्हणजे व्याजाचा दर सांगायचा आणि मुदत सांगायचीच नाही.

शस्त्र वापरणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. जेडॅम हे साध्या बॉम्बला बसवायचं अमेरिकी मार्गदर्शन-किट. त्याच्या अधिकृत माहितीपत्रकात दोन आकडे आहेत. जीपीएस मिळत असेल तर ५ मीटर. जीपीएस मिळत नसेल तर ३० मीटर, आणि तेही १०० सेकंदांपर्यंतच्या उड्डाणासाठी. बघा, सेकंद लिहिलेत. शिवाय हे मीटर म्हणजे अशा वर्तुळाची त्रिज्या, ज्याच्या आत निम्मे बॉम्ब पडतील. उरलेले निम्मे त्या वर्तुळाबाहेर. त्रिज्या ५ वरून ३० झाली की वर्तुळाचं क्षेत्रफळ ३६ पट होतं. त्या ३६ पट जागेत कोण राहतं, हा प्रश्न बाजार-अहवालाच्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

एकाच टोपलीत लिंबू आणि कलिंगड

दुसरा आक्षेप मोठ्या आकड्यावरच. तुमच्या फोनमध्ये जायरो आहे. अणुपाणबुडीतही जायरो आहे. दोन्ही ‘इनर्शियल सेन्सर’च. पण फोनमधला तासाला कित्येक अंश सरकतो. प्रवासी विमानातला तासाला साधारण एक शतांश अंश. पाणबुडीतला त्याच्याही पुढचा. पृथ्वी स्वतः तासाला १५ अंश फिरते. चांगल्या जायरोला हे फिरणं जाणवतं आणि त्यावरून तो होकायंत्राशिवाय उत्तर शोधतो. फोनच्या जायरोला हे फिरणं त्याच्या स्वतःच्याच गोंगाटात ऐकू येत नाही.

या सगळ्यांची किंमत एकत्र करून आलेला ‘बाजार’ नेमका कशाचा? लिंबू आणि कलिंगड नगांवर मोजून फळबाजार वाढला म्हणण्यासारखं झालं. त्यातून संरक्षणाचा वाटा वेगळा काढला तरी प्रश्न सुटत नाही, कारण एकच चिप दोन्हीकडे असू शकते. क्यूआरएस-११ नावाचा क्वार्ट्झचा छोटा जायरो प्रवासी विमानांच्या उपकरणांत बसवला होता. अमेरिकेच्या नियमांनुसार तो शस्त्रसामग्रीच्या यादीत होता. त्याच्यासह विमानं परवान्याशिवाय परदेशी पाठवली म्हणून बोइंगला २००६ साली दीड कोटी डॉलर भरावे लागले. विमान नागरी, चिप लष्करी. सांगा, ही विक्री कुठल्या रकान्यात टाकायची?

‘बाजार’ हा शब्दही इथे तपासून घ्यायला हवा. भाजीबाजारात पैसे असले की माल मिळतो. इथे तसं नाही. १९८७ साली सुरू झालेल्या क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेच्या, म्हणजे एमटीसीआरच्या, यादीत जायरोसाठी एक रेघ आखलेली आहे: तासाला अर्धा अंश. त्यापेक्षा स्थिर आणि क्षेपणास्त्रात वापरता येईल असा जायरो असला की निर्यातीसाठी सरकारची परवानगी हवी. भारताने ‘अग्नी’चं पहिलं उड्डाण २२ मे १९८९ रोजी केलं. एमटीसीआरचं सदस्यत्व मिळालं २७ जून २०१६ ला. मधली सत्तावीस वर्षं आपण त्या रेघेच्या बाहेर उभे होतो. तिरुअनंतपुरमची इस्रोची इनर्शियल सिस्टिम्स युनिट आणि हैदराबादचं रिसर्च सेंटर इमारत या संस्थांकडे त्या वर्षांच्या चष्म्यातून बघा. अशा वस्तूचा तक्ता करताना ‘आशिया-प्रशांत हा सर्वाधिक वेगाने वाढणारा प्रदेश’ असं वाक्य टाकणं सोपं. तिथे कोण कुणाला काय विकू शकतं, हे न सांगता ते वाक्य पोकळ राहतं.

मागणी पाऊस नाही, पडायला

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि इथेच मॅकेन्झी मदतीला येतात. अहवालांच्या भाषेत मागणी ‘येते’. पाऊस यावा तशी. तंत्रज्ञान ‘प्रगत होत जातं’, अचूकता ‘वाढत जाते’, जणू दुसरं काही होणंच शक्य नव्हतं. मॅकेन्झींचं सगळं पुस्तक या ‘आपोआप’च्या विरोधात उभं आहे. त्यांचं म्हणणं असं: अचूकता निसर्गक्रमाने वाढत नाही. ती वाढावी म्हणून कुणीतरी भांडतं, पैसा उभा करतं, गरज पटवून देतं.

त्यांची उदाहरणं बघा. १९४८ साली भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमो यांनी अमेरिकी हवाई दलासाठी एक टिपण लिहिलं. हलत्या विमानात खरी उभी दिशा कुठली आणि विमानाच्या त्वरणामुळे भासणारी कुठली, हे यंत्राला वेगळं कळणार कसं? शंका पोरकट नव्हती. आइनस्टाइनचं तत्त्वच तिच्या पाठीशी होतं. उत्तराची किल्ली जर्मन अभियंता माक्स शूलर यांच्या १९२३ च्या कामात होती: यंत्रणा अशी जुळवायची की तिचा झोका ८४ मिनिटांचा व्हावा, मग वाहनाच्या त्वरणाने ती ढळत नाही. एमआयटीचे चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी फेब्रुवारी १९५३ मध्ये टनाहून जड यंत्रणा बी-२९ विमानात चढवली आणि मॅसॅच्युसेट्सहून लॉस एंजेलिसपर्यंत विमान तिच्या भरवशावर नेलं. वाद मिटला तो कागदावरच्या समीकरणाने जेवढा, तेवढाच या उड्डाणाने. आणि असल्या उड्डाणांना पैसा देणारं हवाई दल होतं म्हणून.

दुसरं उदाहरण पाणबुडीच्या क्षेपणास्त्रांचं. १९६० साली तैनात झालेल्या पोलॅरिसला शहरासारख्या मोठ्या लक्ष्यापर्यंत पोहोचायचं होतं. तिथे काहीशे मीटर इकडेतिकडे झाले तरी, कटू आहे पण, फरक पडत नव्हता. शत्रूचं जमिनीखालचं क्षेपणास्त्र-कोठार फोडायचं ठरलं की मात्र फरक पडतो. १९९० च्या ट्रायडंट डी-५ पर्यंत येताना अचूकता वाढली, ती हा हेतू बदलत गेल्यामुळे, आणि तो बदलावा की नाही यावर लष्करात आणि राजकारणात झगडा झाला. म्हणजे ‘अचूकता हवी’ या वाक्यामागे ‘कशावर मारायचं’ हा निर्णय लपलेला असतो. बाजार-अहवाल तो निर्णय गाळतो आणि ‘वाढीचं कारण’ एवढंच लिहितो.

मॅकेन्झींची आणखी एक कल्पना इथे चपखल बसते. तंत्रज्ञानाबद्दलची शंका अंतराप्रमाणे कशी बदलते, हे त्यांनी दाखवलं. यंत्र बनवणाऱ्यांना त्याच्या मर्यादा माहीत असतात, म्हणून ते साशंक. बाहेरचे, विरोधातले, तेही साशंक. सगळ्यात निःशंक असतात ते मधले. यंत्राशी बांधलेले, पण त्याच्या पोटात कधी हात न घातलेले. बाजार-अहवाल नेमका या मधल्या जागेतून लिहिला जातो. म्हणून त्याच्या वाक्यांत ‘कदाचित’ सापडत नाही.

वाढतंय ते काय?

मग आकडा खोटा का? मला तसं म्हणायचं नाही. मागणी खरंच वाढते आहे. पण तिचं कारण नीट वाचलं तर आनंदाची बातमी वेगळीच दिसू लागते.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे आलेल्या एका लेखी निवेदनात युक्रेनमधल्या एक्सकॅलिबर या जीपीएस-मार्गदर्शित तोफगोळ्याची कथा आहे. सुरुवातीला ७० टक्के गोळे लक्ष्यावर, आणि रशियाचं जॅमिंग सुरू झाल्यावर काही आठवड्यांत ६ टक्के. या गोळ्यात इनर्शियल सेन्सरही असतात. पण तोफेतून सुटताना बसणारा झटका गुरुत्वाच्या हजारो पट असतो. तो सोसून जिवंत राहणारा सेन्सर विमानातल्या सेन्सरइतका नाजूक-अचूक ठेवणं महाकठीण. म्हणजे झटका सोसणाऱ्या, स्वस्त, तरीही कमी सरकणाऱ्या सेन्सरची मागणी खरी आहे.

पण तेच जॅमिंग रणांगणावर थांबत नाही. २०२४ च्या एप्रिलअखेर फिनएअरने एस्टोनियातल्या तार्तूची उड्डाणं महिनाभर बंद ठेवली, कारण तिथल्या विमानतळावर उतरण्याची पद्धत जीपीएसवर अवलंबून होती आणि जीपीएसवर भरवसा राहिला नव्हता. उपग्रहांचा संकेत सगळ्यांसाठी खुला आहे. मच्छीमाराला, रिक्षावाल्याला, रुग्णवाहिकेला, वैमानिकाला, कुणालाच त्याचं बिल येत नाही. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी संकेतातली मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली तेव्हापासून तो आणखीनच कामाचा झाला. तो बिघडवला जातोय म्हणून ज्याला परवडतं तो स्वतःचं बंदिस्त यंत्र विकत घेतोय. सार्वजनिक नळाला गढूळ पाणी आलं की बाटलीबंद पाण्याचा धंदा वाढतो. त्या वाढीचा आलेख वर जाताना बघून टाळ्या वाजवायच्या का, हे तुम्हीच ठरवा. बाटली घेऊ न शकणारे या आलेखात नाहीत.

तक्त्यात न मावणारं

अहवालांना वाटतं, चांगला सेन्सर घेतला की प्रश्न संपला. इतिहास तसं सांगत नाही.

१ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचं ००७ विमान मार्ग सोडून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. विमानात एक नव्हे, तीन इनर्शियल यंत्रणा होत्या. आंतरराष्ट्रीय तपासाचा निष्कर्ष असा, की ऑटोपायलट त्या यंत्रणांच्या हुकमाने चालतच नव्हता, ठरावीक दिशा धरून उडत होता, आणि ते वैमानिकांच्या लक्षात आलं नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ चं पहिलं उड्डाण चाळीसेक सेकंदांत संपलं. इनर्शियल यंत्रणेच्या सॉफ्टवेअरमध्ये एक मोठी संख्या छोट्या खणात मावली नाही. २ जुलै २०१३ रोजी रशियाचं प्रोटॉन रॉकेट सुटताच उलटलं, कारण कोनीय वेग मोजणारे सेन्सर उलटे बसवले होते. त्या रॉकेटवर होते तीन दिशादर्शन उपग्रह!

यातल्या एकाही अपघातात जायरोचं सरकणं दोषी नव्हतं. जोडणी, सॉफ्टवेअर, प्रशिक्षण, तपासणी, इथे माणसं कमी पडली. या गोष्टींचा ‘बाजार’ कुणी मोजत नाही, म्हणून प्रस्तावात त्यांना पैसेही कमी मिळतात.

पुस्तकाच्याही मर्यादा, अहवालांचंही श्रेय

एकतर्फी होऊ नये म्हणून दोन गोष्टी. मॅकेन्झींचं पुस्तक जीपीएस पूर्ण कार्यरत होण्याआधीचं आहे. त्याचं जग मोठ्या प्रयोगशाळांचं, मोजक्या अधिकाऱ्यांचं आणि अणुक्षेपणास्त्रांचं. आज चित्र उलटं आहे. अतिअचूक, महाग आणि थोडकं याऐवजी बेताचं अचूक, स्वस्त आणि हजारोंनी. ड्रोनमधला सेन्सर फोनच्या सेन्सरचा चुलतभाऊ असतो. इथे अचूकतेसाठी हवाई दलाशी भांडणारा ड्रेपर दिसत नाही. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कारखान्याने आधीच स्वस्त केलेलं कुणीतरी उचललेलं दिसतं. हे समजायला त्यांची चौकट ताणावी लागते, आणि माझ्या मते ती पूर्ण ताणली जात नाही.

अहवालांचं श्रेय असं, की कंपन्यांची यादी खरोखर उपयोगी असते, फक्त ती जुन्या याद्यांशेजारी ठेवून वाचायला हवी. लिटन २००१ मध्ये नॉर्थ्रॉपमध्ये गेली. सॅफ्रानने स्वित्झर्लंडची कोलिब्रिस २०१३ मध्ये आणि नॉर्वेची सेन्सोनॉर २०२१ मध्ये घेतली. हनीवेलने इटलीची सिविटानावी २०२४ मध्ये घेतली. क्यूआरएस-११ बनवणारी सिस्ट्रॉन डोनर २०१९ मध्ये एमकोरकडे गेली, २०२२ मध्ये केव्हीएचचा इनर्शियल विभागही तिथेच गेला, आणि २०२५ मध्ये खुद्द एमकोर एका गुंतवणूक कंपनीच्या हातात गेली. बाजार वाढतोय आणि विकणारे कमी होताहेत, ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की भाव कुणाच्या हातात हे कळतं. अहवालात माहिती असते, वाक्य नसतं.

तर मग वाचायचं कसं?

पुढच्या वेळी ‘जीपीएसशिवाय अचूक मार्गदर्शन’ अशी बातमी आली की चार प्रश्न विचारा. किती वेळासाठी? कुठून निघालो हे यंत्राला कुणी सांगितलं? मधूनमधून चूक सुधारायला काय आहे, तारे, नकाशा, कॅमेरा की काहीच नाही? आणि कशावर नेम धरण्यासाठी?

क्वांटम सेन्सरच्या बातम्यांनाही हेच प्रश्न. मे २०२४ मध्ये ब्रिटनने असे सेन्सर विमानातून उडवून बघितल्याचं जाहीर केलं. काम खरंच सुंदर आहे. पण थंड अणूंनी मोजलेल्या त्वरणाचीही दोनदा बेरीजच करावी लागते, आणि गॅमोचा प्रश्न अणूंनाही चुकलेला नाही: गुरुत्व आणि त्वरण वेगळं ओळखायला गुरुत्वाचा चांगला नकाशा लागतोच.

हे प्रश्न आम्हा विद्यार्थ्यांनाही लागू आहेत. सेन्सरचा गोंगाट एक दशांशाने कमी केला की आमचा शोधनिबंध होतो. पहिल्या परिच्छेदात बाजाराचा आकडा टाकला की अनुदानाची वाट सोपी होते. तो आकडा टाकू नका असं मी म्हणत नाही, प्रयोगशाळा चालवायची असते. पण टाकताना त्याच्यापुढे एक ओळ वाढवावी: ही अचूकता किती सेकंदांची आणि कुणासाठी. जेडॅमचं माहितीपत्रक लिहिणाऱ्यांना सेकंद लिहावे लागले. आपल्यालाही ते जमायला हवं.